रत्नागिरीचा दुचाकीस्वार आणि त्याचे कवच

रत्नागिरी जिल्ह्यात दुचाकी आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. वाडीवरून बाजारपेठेत, आंब्याच्या बागेतून घरी, मिरकरवाडा बंदरावरून शहरातील गल्ल्यांत आणि गावातून महाविद्यालयात जाण्यासाठी ती सर्वांत सोयीची आहे, आणि जेथे एसटीची फेरी दिवसातून मोजक्याच वेळा येते तेथे तिच्यावाचून अनेकांचा दिवस सुरूच होत नाही. हे वाहन चालवणाऱ्याचे शरीर मात्र उघडे असते. मोटारीत बसणाऱ्याभोवती पत्रा, काच, पट्टा आणि हवेची पिशवी असते, तर दुचाकीस्वार आणि रस्ता यांच्यामध्ये त्याने स्वतः अंगावर चढवलेल्या वस्तूंखेरीज काहीच नसते. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली; त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे शेकडा ४४हून अधिक, दुचाकीवरील होती, आणि हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. या शेवटच्या संख्येत १४,३३७ जण मागच्या आसनावर बसलेले होते. म्हणून संरक्षक साधनांची निवड हा हौशी प्रवाशांपुरता विषय न मानता, रोज दुचाकीवर बसणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने समजून घेण्याचा विषय मानला पाहिजे, आणि कोकणात ती निवड येथील उष्मा, दमट हवा, पाऊस आणि रस्ता यांचा विचार करूनच केली पाहिजे.

आघात आणि घर्षण

दुचाकीवरून पडणाऱ्या माणसाला दोन वेगळ्या प्रकारे इजा होते आणि दोन्हींपासून बचाव करणारी साधनेही वेगळी असतात, हे प्रथम लक्षात घ्यावे लागते. पहिला प्रकार आघाताचा, म्हणजे डोके, खांदा, कोपर किंवा गुडघा जमिनीवर वा अन्य वस्तूवर आदळण्याचा. दुसरा घर्षणाचा, म्हणजे पडल्यानंतर शरीर रस्त्यावरून घसरत जाऊन कातडी सोलवटण्याचा. घर्षणाची तीव्रता मुख्यतः वाहनाच्या वेगावर अवलंबून असते, परंतु डोक्याच्या आघाताचे तसे नसते. दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असते, आणि एवढ्या उंचीवरून सरळ खाली येणारे डोके गुरुत्वाकर्षणाच्या नियमानुसार ताशी सुमारे १९ ते २० किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळते. मग गाडी धावत असो, बैलाच्या चालीने जात असो वा उभी असताना कलंडलेली असो. कवटीचे हाड तुटण्यास आणि मेंदूला गंभीर इजा होण्यास एवढा वेग पुरेसा ठरू शकतो.

"इथल्या इथेच तर जायचे आहे" हे हेल्मेट न घालण्यामागचे नेहमीचे कारण या नियमापुढे टिकत नाही. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातील नऊशे मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला, त्यातही हेच दिसून आले. अपघातापूर्वीचा मध्यम वेग ताशी सुमारे ४८ किलोमीटर आणि प्रत्यक्ष टकरीच्या क्षणीचा सुमारे ३५ किलोमीटर होता, आणि बहुतेक अपघात खरेदी, किरकोळ कामे किंवा भेटीगाठी अशा छोट्या फेऱ्यांत, निघालेल्या ठिकाणापासून फार दूर न जाता घडले होते. अहवाल परदेशातील असला तरी त्यातील छोट्या फेऱ्या मारुती मंदिर ते रामआळी या अंतराला, किंवा पावस, जयगड आणि गणपतीपुळे परिसरातील वाडी ते नाका या अंतराला तितक्याच लागू पडतात.

रस्ता आणि हवामान

पूर्वी १७ आणि आता ६६ क्रमांक असलेला मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्ग खेड, चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा, लांजा आणि राजापूर असा जिल्ह्याच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत जातो; कशेडी, भोस्ते आणि परशुराम हे घाट याच मार्गावरचे. पूर्वेला आंबा घाट कोल्हापूरकडे आणि कुंभार्ली घाट कराडकडे चढतो. चौपदरीकरणाचे काम वर्षानुवर्षे चालत राहिल्याने ठिकठिकाणी वळवलेले रस्ते, उंचसखल कडा आणि खडी यांची दुचाकीस्वारांना सवयच झाली आहे. त्यात या भूमीचे स्वतःचे धोके आहेत : उकरलेल्या जांभ्याची लाल माती पहिल्या पावसात डांबरावर निसरडा थर धरते, गावातल्या सावलीच्या रस्त्यांवर शेवाळ येते, मासळी वाहून नेणाऱ्या गाड्यांतून पाणी गळते, आणि पावसाळ्याच्या रात्री मोकाट गुरे कोरड्या डांबरावर येऊन बसतात.

या धोक्यांत वाहन सरळ टकरीपेक्षा घसरून पडण्याची शक्यता अधिक असल्याने तळहात, कोपर, गुडघा, घोटा आणि कंबरेची बाजू यांना प्रथम इजा होते. गंभीर जखमी झालेल्या माणसाला मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी अनेकदा घाट ओलांडून सुमारे १३० किलोमीटरवरचे कोल्हापूर किंवा त्याहूनही दूरचे मुंबई गाठावे लागते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आणि नाणीज येथील जगद्गुरु नरेंद्राचार्यजी महाराज संस्थानाची महामार्गावरील विनामूल्य रुग्णवाहिका सेवा यांनी असंख्य जखमींना वेळेवर रुग्णालयात पोहोचवले आहे; तरीही घाटरस्त्याने जाण्याचा वेळ कोणालाच टाळता येत नाही, आणि म्हणून मुळात इजा कमी व्हावी यासाठीची तयारी येथे मोठ्या शहरापेक्षाही अधिक मोलाची ठरते.

हवामानाचा विचारही तितकाच आवश्यक आहे. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उरलेल्या काळात, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, पारा विदर्भाएवढा चढत नसला तरी हवेतील बाष्पामुळे घाम वाळत नाही. युरोपातील थंड, कोरड्या हवेसाठी घडवलेले जाड चामडी जॅकेट येथे वैशाखात अंगावर राहत नाही आणि श्रावणात भिंतीवर टांगल्या जागी बुरशी धरते. जे साधन माणूस उकाड्याला कंटाळून घरी ठेवतो त्याचा दर्जा कितीही वरचा असला तरी अपघाताच्या क्षणी त्याचा उपयोग शून्य असतो. त्यामुळे प्रयोगशाळेतील श्रेणी आणि रोज अंगावर घालता येण्याची सोय या दोन्ही कसोट्या निवड करताना एकत्र लावाव्या लागतात.

हेल्मेट : सर्वांत आधीची खरेदी

हेल्मेटच्या उपयुक्ततेचा शास्त्रीय अभ्यास दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झाला. १९३५ मध्ये मोटारसायकल अपघातात डोक्याला मार लागून टी. ई. लॉरेन्स या प्रसिद्ध ब्रिटिश सेनाधिकाऱ्याचा मृत्यू झाला, तेव्हा त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूविकारशल्यविशारद होते. पुढे केर्न्स यांनी सैन्यातील मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटचे महत्त्व मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या कामामुळे ब्रिटिश सैन्यात हेल्मेट आवश्यक झाले. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या मते नीट बांधलेल्या चांगल्या हेल्मेटमुळे प्राणघातक इजेचा धोका सहापटींहून अधिक कमी होतो आणि मेंदूच्या इजेचा धोका शेकडा ७४ पर्यंत घटतो.

हेल्मेटची रचना तीन थरांची असते. बाहेरचे टणक कवच प्लॅस्टिक, काचतंतू किंवा कार्बनतंतूंचे असते आणि ते आघाताचा जोर मोठ्या क्षेत्रावर पसरवते. आतला जाड थर दाट थर्माकोलचा असतो आणि तो स्वतः चिरडून जात आघाताची ऊर्जा शोषतो. सर्वांत आतला मऊ अस्तराचा थर डोक्याला घट्ट बसण्यासाठी असतो. खरे संरक्षण मधल्या थराकडून मिळते, कारण तो चिरडत असताना डोके थांबण्यास काही मिलिसेकंद अधिक मिळतात आणि मेंदूवर येणारा झटका सौम्य होतो. हापूसच्या पेटीतील पेंढा स्वतः दबून फळाला वाचवतो, त्याच रीतीने हा थर काम करतो. मात्र पेंढा पुन्हा फुलतो आणि थर्माकोल एकदा दबला की दबलेलाच राहतो. म्हणूनच मोठा आघात झालेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलावे लागते. बांधकामावरची प्लॅस्टिकची टोपी किंवा पातळ कवचाखाली केवळ स्पंज लावलेली रस्त्याकडेची टोपी या कामास निरुपयोगी असते, कारण तिच्यात हा ऊर्जा शोषणारा थरच नसतो.

भारतात दुचाकीच्या हेल्मेटसाठी आयएस ४१५१ हे मानक आहे आणि १ जून २०२१पासून लागू झालेल्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार आयएसआय चिन्हाशिवाय असे हेल्मेट बनवणे किंवा विकणे बेकायदेशीर आहे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. हा क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अ‍ॅपवर टाकल्यास परवाना कोणाचा आहे आणि तो चालू आहे का, हे ग्राहकाला दुकानातच पडताळता येते. नुसते चिकटवलेले चिन्ह पाहून समाधान मानू नये, कारण बनावट चिन्हांचा माल बाजारात येतच असतो. युरोपातील ईसीई २२.०६ हे मानक डोक्याला बसणाऱ्या तिरप्या आघाताचे आणि त्यामुळे मेंदूला मिळणाऱ्या पिळाचेही परीक्षण करते, त्यामुळे आयएसआयबरोबर हे प्रमाणपत्रही असलेले हेल्मेट परवडत असेल तर ते अधिक चांगले. चांगली हेल्मेटे केवळ परदेशातूनच येतात असे नाही. देशातील मोठ्या उत्पादकांपैकी व्हेगा ही कंपनी तर कोकणाला घाटमार्गाने जोडलेल्या बेळगावची आहे.

हेल्मेटचा प्रकार निवडताना पूर्ण चेहरा झाकणारे, म्हणजे फुलफेस, हेल्मेट घ्यावे. जर्मनीतील डिटमार ओट्टे यांच्या अभ्यासात हेल्मेटवर झालेल्या आघातांपैकी सुमारे एक तृतीयांश आघात हनुवटी आणि चेहऱ्याच्या पुढच्या भागावर झालेले आढळले, आणि अर्धे हेल्मेट हा भाग पूर्ण उघडा ठेवते. फुलफेसमध्ये उकडते ही तक्रार खोटी नाही. म्हणून कपाळाशी आणि हनुवटीशी हवा आत येण्याची आणि मागे बाहेर जाण्याची छिद्रे असलेले, अस्तर काढून धुता येणारे हेल्मेट निवडावे. हनुवटीचा भाग वर उचलता येणारे फ्लिप-अप हेल्मेट चष्मा वापरणाऱ्यांना आणि वारंवार थांबून बोलावे लागणाऱ्यांना सोयीचे पडते, मात्र गाडी चालवताना तो भाग बंदच असला पाहिजे.

माप घेताना भुवयांच्या किंचित वर कपाळाभोवती फीत फिरवून डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा आणि त्याप्रमाणे हेल्मेट दुकानात घालून पाहावे. गाल किंचित दाबले जावेत, कपाळ आणि अस्तर यांच्यामध्ये बोट सहज जाऊ नये, आणि पट्टा बांधून हेल्मेट मागून पुढे ढकलल्यास ते डोक्यावरून निघू नये. अस्तर वापराने थोडे बसते, त्यामुळे नवे हेल्मेट सैल वाटत असेल तर ते मोठेच आहे असे समजावे. हनुवटीखालचा पट्टा न बांधलेले हेल्मेट पडण्याच्या पहिल्या क्षणीच डोक्यावरून उडून जाते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १२९ मध्येही हेल्मेट पट्ट्याने घट्ट बांधलेले असणे अपेक्षित आहे. याच कायद्याच्या कलम १९४ डी नुसार हेल्मेट नसल्यास एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबन अशी तरतूद आहे. हेल्मेट खरे म्हणजे दंड चुकवण्यासाठी घालायचे नसते. पण कायद्याने चालक आणि मागे बसणारा या दोघांनाही ते सारखेच बंधनकारक केले आहे, ही गोष्ट अनेकांना अजून ठाऊक नसते.

अंगावरचा पोशाख

हेल्मेटप्रमाणे जॅकेट किंवा पँटवर भारतात आयएसआय चिन्हाची सक्ती नसल्यामुळे ग्राहकाला युरोपीय मानकांच्या खुणा वाचता याव्या लागतात. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठातील रॉडरिक वुड्स यांनी कापड फिरत्या खरखरीत पट्ट्यावर घासून ते किती सेकंद टिकते हे मोजण्याची पद्धत विकसित केली, आणि तिच्या आधारे खांदे, कोपरे, कुल्ले आणि गुडघे हे भाग अधिक बळकट असावेत असा विभागवार विचार रूढ झाला. अशा चाचण्यांत साधी सुती जीन्स जेमतेम एखादा सेकंद टिकते, तर चांगले चामडे चार सेकंदांच्या पुढे जाते.

आज प्रचलित असलेल्या ईएन १७०९२ या मानकात कपड्यांच्या एएए, एए, ए, बी आणि सी अशा श्रेणी आहेत. सर्वाधिक जोखमीच्या भागांसाठी एएए श्रेणी ताशी १२० किलोमीटर, एए श्रेणी ७० किलोमीटर आणि ए श्रेणी ४५ किलोमीटर वेगाने घसरण्याच्या समतुल्य चाचणीवर आधारलेली आहे. बी श्रेणीत घर्षणाची कसोटी ए इतकीच, परंतु आघातरोधक पॅड नसतात, आणि सी श्रेणी केवळ पॅड धरून ठेवणाऱ्या जाळीदार अंगरख्यासाठी असते. शहर आणि तालुक्यात फिरणाऱ्यास ए श्रेणी आणि महामार्गावरून चिपळूण, कोल्हापूर किंवा मुंबईपर्यंत जाणाऱ्यास एए श्रेणी ही उकाडा व संरक्षण यांचा मेळ साधणारी निवड ठरते.

बाजारात अनेक जॅकेटांवर 'सीई प्रमाणित' असे छापलेले असते, पण पुष्कळदा ते प्रमाणपत्र आतल्या पॅडपुरतेच असते, कापडासाठी नसते. जॅकेटच्या आतील शिवलेल्या पट्टीवर मोटारसायकलस्वाराचे चित्र, ईएन १७०९२ हा क्रमांक आणि श्रेणीचे अक्षर दिसले तरच संपूर्ण वस्त्राची चाचणी झाली आहे असे मानावे. पॅडवर ईएन १६२१-१ हा क्रमांक असतो आणि त्याचे दोन स्तर असतात : ठरावीक आघात केल्यावर पॅडमधून पलीकडे पोहोचणारे बल पहिल्या स्तरात सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत आणि दुसऱ्या स्तरात २० किलोन्यूटनपर्यंत चालते, म्हणजे दुसरा स्तर अधिक सुरक्षित. पाठीच्या पॅडसाठी ईएन १६२१-२ हे वेगळे आणि अधिक कडक मानक असून त्यात या मर्यादा १८ आणि ९ किलोन्यूटन आहेत. कित्येक जॅकेटांत पाठीला नुसता स्पंजाचा तुकडा दिलेला असतो, तो काढून तेथे प्रमाणित पॅड बसवावा. पॅडवर टी+ अशी खूण असल्यास त्याची ४० अंश सेल्सिअस तापमानातही चाचणी झालेली असते, आणि हे पॅड उष्णतेने मऊ पडणाऱ्या पदार्थांचे असल्यामुळे उन्हाळ्यातील कोकणासाठी ही खूण पाहून घेणे शहाणपणाचे आहे.

कापडाच्या बाबतीत रत्नागिरीत मजबूत जाळीचे, म्हणजे मेश, जॅकेट सर्वांत सोयीचे. जाळीतून वारा थेट अंगाला लागतो, मात्र खांदे आणि कोपरांवर जाळी नसून दाट विणीचे कापड असले पाहिजे. पाण्यात भिजवून घालायची 'थंडावा देणारी' बंडी देशावरच्या कोरड्या हवेत उपयोगी पडते, कारण तिचा थंडावा पाण्याच्या बाष्पीभवनातून येतो; कोकणच्या दमट हवेत बाष्पीभवनच मंदावत असल्याने येथे तिचा फारसा लाभ होत नाही आणि वाऱ्याचा प्रवाह मोकळा ठेवणे हाच खरा उपाय राहतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २०१८ पासून चालणारा 'मोटोकॅप' हा उपक्रम कपड्यांना संरक्षणाचे आणि उष्णतेतील सोयीचे असे दोन स्वतंत्र गुण देतो. उष्ण प्रदेशातील सरकारी यंत्रणांनीही सोय ही सुरक्षेचीच बाजू मानली आहे, हे यावरून दिसते.

पोशाखाचा उपयोग खरोखर होतो का, याचे उत्तर लिझ डी रोम आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या राजधानी प्रदेशात अपघात झालेल्या २१२ चालकांचा अभ्यास करून २०११ मध्ये दिले. मोटारसायकलसाठीचे जॅकेट, पँट आणि हातमोजे घातलेल्यांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी होते. त्याच अभ्यासात तपासलेल्या जॅकेट, पँट आणि हातमोज्यांपैकी एक चतुर्थांश किंवा त्याहून अधिक वस्तू अपघातात फाटल्याचे किंवा निकामी झाल्याचेही आढळले, म्हणून नुसती शोभेची वस्तू न घेता शिवण, अस्तर आणि श्रेणी तपासूनच खरेदी करावी.

हात आणि पाय

पडताना माणूस नकळत हात पुढे टेकतो, त्यामुळे तळहात आणि मनगट यांना हमखास इजा होते. तळहाताच्या बुडाशी जाळीदार कापड असलेले स्वस्त हातमोजे बोटांना ऊन लागू देत नाहीत एवढेच. तळहातावर चामड्याचा दुहेरी थर किंवा रस्त्यावर सरकणारा टणक प्लॅस्टिकचा तुकडा असलेले, मनगटाला पट्ट्याने आवळता येणारे हातमोजे निवडावेत. तो टणक तुकडा हाताला रस्त्यावर अडकू न देता सरकू देतो आणि मनगटातील नावेच्या आकाराच्या छोट्या हाडावर येणारा ताण कमी करतो. हे हाड मोडल्यास त्याला होणारा रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने ते जुळण्यास फार काळ लागतो, आणि नारळ सोलण्यापासून जाळे ओढण्यापर्यंत हातावरच पोट असणाऱ्याचे काम त्या काळात थांबते. हातमोज्यांचे मानक ईएन १३५९४ असून बोटांच्या सांध्यांवर आघातरोधक असल्यास 'केपी' ही अक्षरे लिहिलेली असतात.

कोकणात चप्पल घालून गाडी चालवणे इतके रुळलेले आहे की त्यातील धोका कोणाच्या लक्षात येत नाही. गाडी आडवी पडली की तिचे वजन बहुधा घोट्यावरच येते आणि पाय गाडी व रस्ता यांच्यामध्ये सापडतो. ईएन १३६३४ हे बुटांचे मानक उंची, घर्षण, कापले जाणे आणि तळवा आडवा दाबला जाणे अशा चार गोष्टी तपासते आणि प्रत्येकीला १ किंवा २ असा गुण देते. असे खास बूट घेणे शक्य नसेल तर निदान घोटा पूर्ण झाकणारे, जाड तळव्याचे चामडी बूट घालावेत आणि नाड्या आत खोचाव्यात, म्हणजे त्या गिअरच्या दांड्यात अडकणार नाहीत. कारखान्यातील पोलादी टोपीचे बूट बोटे वाचवतात, पण घोट्याखाली संपणारे असतील तर घोट्यासाठी त्यांचा उपयोग नाही. गमबूट पाणी अडवतात, परंतु सैल असल्याने पायातून निसटतात आणि आघात रोखत नाहीत.

पावसाळ्याची तयारी

कोकणातील पावसाळ्यात जॅकेटच्या आत जलरोधक अस्तर घालण्यापेक्षा जॅकेटवरून वेगळा रेनकोट घालणे अधिक चांगले. आतले अस्तर अंग कोरडे ठेवते, पण बाहेरचे कापड पाणी पिऊन जड होते आणि आषाढात ते दिवसेंदिवस वाळत नाही. बाहेरचा रेनकोट मात्र झटकून टांगता येतो. तो दोन तुकड्यांचा, म्हणजे कोट आणि पँट असा असावा. खांद्यावरून सोडलेला झग्यासारखा रेनकोट वाऱ्याने फुगतो, समोरचा दिवा झाकतो आणि मागच्या चाकात किंवा साखळीत अडकू शकतो.

रेनकोटचा रंग ही सुरक्षेचीच बाब आहे. काळा आणि गडद निळा रंग आंबा घाटातल्या धुक्यात किंवा कशेडीच्या संततधारेत दिसत नाही. दिवसा आणि संध्याकाळी पोपटी-पिवळा झळाळणारा रंग लांबून लक्ष वेधतो, तर रात्री समोरच्या दिव्याचा प्रकाश परत फेकणाऱ्या पट्ट्या उपयोगी पडतात, त्यामुळे दोन्ही हव्यात. हर्ट अहवालातही मोटारचालकाला दुचाकी वेळेवर न दिसणे हे टकरींचे एक प्रमुख कारण आढळले होते. हेल्मेटची काच रात्री आणि पावसात पारदर्शकच असावी, काळी नव्हे. श्वासाने ती धुरकटू नये म्हणून आत दुसरी पातळ काच बसवण्याची सोय असलेली काच घ्यावी, आणि ओरखडे पडलेली काच बदलावी, कारण समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्याने प्रत्येक ओरखडा चमकतो आणि रस्ता दिसेनासा होतो.

मागे बसणारे

मागच्या आसनावर बसणारी व्यक्ती चालकाइतकीच उंचावरून पडते, आणि रस्ता समोर न दिसल्याने सावरण्याची संधी तिला कमीच मिळते. तरीही एका घरात एकच हेल्मेट असते आणि ते चालकाच्या डोक्यावर असते, हे दृश्य सर्वत्र आढळते. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १३८ नुसार नवी दुचाकी विकताना प्रमाणित हेल्मेट देण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातील वाहतूक पोलिसांनी विनाहेल्मेट सहप्रवाशांवरही कारवाई करण्याचे निर्देश दिले. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या बालकांसाठी २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्यांना चालकाशी बांधणारा सुरक्षा पट्टा आणि त्यांच्या मापाचे हेल्मेट आवश्यक असून वाहनाचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो.

साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या स्त्रियांचा तोल घाटातील वळणांवर आणि खड्ड्यांत लवकर जातो. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी, पाय ठेवण्याची जागा आणि धरण्यासाठी दांडा हे नियम १२३ नुसार आवश्यक आहेत. शोभेसाठी ही साडीजाळी काढून टाकण्याची पद्धत घातक आहे. पदर आणि ओढणी खोचून बांधावी, शक्य असेल तेव्हा दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे, आणि पावसात मागे बसून छत्री उघडण्याची येथील सवय तर पूर्णपणे सोडून द्यावी. वाऱ्याच्या एका झोताने छत्री उलटते, चालकाचा तोल जातो आणि दोघेही खाली येतात.

खरेदीचा क्रम आणि निगा

सर्व साधने एकदम घेणे सर्वांना शक्य नसते, म्हणून क्रम ठरवून खरेदी करावी. पहिल्या टप्प्यात घरातील प्रत्येक बसणाऱ्यासाठी प्रमाणित हेल्मेट, दुसऱ्यात हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट, तिसऱ्यात मेश जॅकेट व दोन तुकड्यांचा रेनकोट, आणि चौथ्यात गुडघ्याचे पॅड किंवा पॅड असलेली पँट असा क्रम ठेवल्यास कमी खर्चात सर्वाधिक धोका कमी होतो. महाग जॅकेट आणि स्वस्त बनावट हेल्मेट हा उलटा क्रम टाळावा.

खारी हवा आणि ओलावा यांमुळे येथे साधनांची झीज लवकर होते. हेल्मेटचे अस्तर सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावे; चुलीजवळ किंवा मोटारीच्या तापलेल्या डिकीत ठेवल्यास आतला थर खराब होतो. कवचाला पेट्रोल, रंग किंवा तीव्र रसायन लावू नये. पट्ट्याच्या कड्या आणि जॅकेटच्या चेन गंजत नाहीत ना हे पाहावे, चामडी हातमोजे पावसाळ्यात कोरड्या कापडाने पुसून हवेशीर जागी ठेवावेत, आणि आघात झाला नसला तरी साधारण पाच वर्षांनी हेल्मेट बदलावे, कारण घाम, ऊन आणि दमटपणा यांमुळे त्याचे थर हळूहळू कमजोर होतात. जुने हेल्मेट विकत घेऊ नये, कारण ते कितीदा आदळले आहे हे बाहेरून ओळखता येत नाही. अपघातात जखमी झालेल्याचे हेल्मेट घाईने ओढून काढू नये, कारण मानेला इजा झाली असेल तर त्याने ती वाढते. एकाने डोके व मान स्थिर धरावी आणि श्वास अडत नसेल तर जाणकार मदत येईपर्यंत ते तसेच राहू द्यावे.

रस्ते सुधारणे, खड्डे बुजवणे आणि वळणरस्त्यांवर दिवे लावणे ही शासनाची जबाबदारी आहे आणि ती पार पाडली जावी यासाठी नागरिकांनी आग्रह धरलाच पाहिजे. पण त्या सुधारणेची वाट पाहताना डोके उघडे ठेवणे कोणालाच परवडणारे नाही. दुचाकी घेताना मोबाइलचे स्टँड, आरसे आणि सीटकव्हर यांवर जेवढा विचार होतो तेवढा विचार घरातील प्रत्येकाच्या हेल्मेटच्या मापावर व्हावा, आणि गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांपासून रोज नाक्यावर जाणाऱ्या वडीलधाऱ्यांपर्यंत प्रत्येकाने पट्टा बांधल्याखेरीज गाडी सुरू न करण्याचा नियम स्वतःला घालून घ्यावा, एवढीच वाचकांना कळकळीची विनंती आहे.